घंटेच्या मागे लागू नका: उत्तर युरोपच्या समुद्रातली बुडालेली जहाजं ओळखायला शिकताना

या क्षेत्रात नवीन येणारा प्रत्येक जण जहाजाचं नाव सांगणाऱ्या घंटेचं स्वप्न घेऊन येतो. १६८२ मध्ये इंग्लंडच्या नॉर्फोकजवळ बुडालेल्या ‘ग्लॉस्टर’ या युद्धनौकेची ओळख २०१२ मध्ये घंटेमुळेच पक्की झाली, हे खरं. पण घंटा क्वचित सापडते आणि सापडली तरी चकवू शकते: जहाज विकलं जाई, नाव बदले, घंटा मात्र जुनीच राही. कंपनीचं चिन्ह असलेली बशी मिळाली तर फार तर कंपनी कळते, जहाज नाही. नाव बहुधा मोजायची टेप आणि जुन्या नोंदवह्यांतूनच हाती येतं.

आधी समुद्र समजून घ्या. बाल्टिकचं पाणी इतकं कमी खारं आहे की लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे बहुतांशी तग धरत नाही. चारशे वर्षांपूर्वीचा सांगाडा उभाच्या उभा दिसू शकतो. उत्तर समुद्रात लाकूड जातं आणि उरतं ते लोखंड: बॉयलर, इंजिन, जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा. म्हणून दोन्हीकडची पद्धत वेगळी.

उत्तर समुद्रात सुरुवात मल्टिबीम सोनारच्या (ध्वनिलहरींनी तळ मोजणाऱ्या यंत्राच्या) नकाशापासून आणि मच्छीमारांची जाळी जिथे अडकतात त्या जागांपासून होते. सोनारवरून मोजलेल्या लांबीवर पूर्ण विसंबू नका; पुढचं किंवा मागचं टोक कोसळून वाळूत गेलेलं असतं. युद्धकाळात नोंदवलेली बुडण्याची जागाही काही मैलांनी चुकलेली असू शकते.

बुडी भरती-ओहोटीच्या मधल्या संथ वेळेत मारायची. ही फट बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासाची असते, ती हुकली तर प्रवाह शॉटलाइनवरून (खाली उतरायच्या वजन लावलेल्या दोरावरून) हात सोडवतो. ३२ टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेली श्वासाची हवा) साधारण ३३ मीटरपर्यंत चालतो. त्याहून बरंच खोल जायचं तर ट्रायमिक्स (हीलियम मिसळलेला वायू) आणि रिब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणारं यंत्र) लागतात, आणि ते प्रशिक्षण वर्षानुवर्षांचं आहे. सांगाड्यावर अडकलेल्या जुन्या जाळ्यांसाठी कापायची दोन हत्यारं ठेवा, एक डाव्या हाताला पोचेल असं.

खाली गेल्यावर थेट इंजिन गाठा. वाफेच्या मालवाहू जहाजावर तीन सिलिंडर एका ओळीत असतील तर ते ट्रिपल-एक्स्पान्शन (वाफ तीन टप्प्यांत वापरणारं इंजिन), म्हणजे बहुधा १८८०च्या दशकाच्या मध्यानंतरचं. दोनच असतील तर ते बऱ्याचदा त्याआधीचं. तिन्हींचे व्यास मोजा. लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या छापील नोंदवहीत ते इंचांत छापलेले असतात आणि ओळखीची सर्वांत भरवशाची खूण तीच. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे झाकणाचा व्यास लिहून घेणं. झाकणाला बोल्टची कड असते, त्यामुळे आकडा फुगतो आणि कोणत्याच जहाजाशी जुळत नाही. कड वेगळी मोजून वजा करा, नाहीतर निदान तिन्ही व्यासांचं परस्पर प्रमाण तपासा. बॉयलर किती आणि प्रत्येकाला भट्ट्या किती, हेही लिहा. जर्मन पाणबुडीच्या पंख्यावर क्रमांक ठोकलेला असतो, पण पंखे एका बोटीवरून दुसरीवर बसवले जात, म्हणून त्या एका पुराव्यावर निर्णय नको.

बाल्टिकमध्ये लाकूड बोलतं. २०१९ मध्ये स्वीडनमधल्या वाक्सहोल्मजवळ दोन मोठ्या युद्धनौका सापडल्या, तेव्हा त्यांतली एक १६२८ मध्ये बुडालेल्या स्वीडिश युद्धनौका ‘वासा’ची जुळी नौका ‘एप्लेट’ असावी असं वाटलं. तपासणीत त्या १६४८च्या ‘अपोलो’ आणि ‘मारिया’ निघाल्या. खरी ‘एप्लेट’ त्याच परिसरात २०२१च्या डिसेंबरात सापडली. जहाजाची मापं, दप्तरातल्या नोंदी आणि १६२७ मध्ये तोडलेल्या ओकचे नमुने, असं सगळं जुळल्यावरच २०२२ मध्ये तिचं नाव जाहीर झालं.

वय काढण्यासाठी लाकडाचा नमुना घ्यायला परवाना लागतो. ओकची वाढीची साधारण पन्नासहून जास्त वर्तुळं हवीत आणि सालीलगतचं कोवळं लाकूड हवं. सालीखालचं शेवटचं वर्तुळ असेल तरच तोडणीचं नेमकं वर्ष मिळतं. कोवळं लाकूड मुळीच नसेल तर ‘अमुक सालानंतर’ एवढंच. दुरुस्तीची फळी नंतरची असते, म्हणून वेगवेगळ्या भागांतून घ्या. नमुना ओलाच गुंडाळून थंड जागी ठेवा, वाळला की तडकतो.

कायदा आधी वाचा. स्वीडनमध्ये १८५०च्या आधी बुडालेलं जहाज संरक्षित मानतात, फिनलंडमध्ये शंभर वर्षांहून जुनं. ब्रिटनमध्ये वर आणलेली वस्तू २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. आमच्या मते काही वर आणूच नये. मोजपट्टी ठेवून, फोटोंची एकमेकांवर भरपूर ओव्हरलॅप ठेवून काढलेला फोटोग्रामेट्री (फोटोंवरून त्रिमितीय नकाशा बनवण्याचा) संच जास्त उपयोगी पडतो.

शिक्षणासाठी पोर्ट्समथच्या नॉटिकल आर्किऑलॉजी सोसायटीचे छोटे अभ्यासक्रम बरे, त्यातल्या काहींना पाण्यात उतरावंही लागत नाही. पदव्युत्तर पातळीला साउथॅम्प्टन विद्यापीठ. भारतातून येणाऱ्यांनी त्याआधी गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं काम पाहावं. सुंची रीफवरच्या पोर्तुगीजकालीन अवशेषांचा अभ्यास तिथेच झाला. उष्ण पाण्यातल्या सवयी मात्र इथे चालत नाहीत. बाल्टिकच्या खोल पाण्यात तापमान चार-पाच अंशांवर असतं, म्हणून ड्रायसूटमध्ये (पाणी आत न येणाऱ्या पोशाखात) सराव झाल्याशिवाय कॅमेरा हातात घेऊ नका. आणि डच, स्वीडिश किंवा जर्मन यांपैकी एक भाषा वाचायला शिका. दप्तरात बसून नोंदी लावू शकणारा बुडीखोर दुर्मीळ असतो, त्याला जहाजावर जागा लवकर मिळते.