जुनाट बद्धकोष्ठतेसाठी ऑपरेशन सुचवले असेल तर

खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतील कितीतरी घरांत पोट साफ होत नाही म्हणून वर्षानुवर्षे इसबगोल, एरंडेल आणि चूर्णांवर निभावून नेले जाते, आणि मग एखाद्या दिवशी बेळगावातले डॉक्टर ‘ऑपरेशन करावे लागेल’ असे सांगतात. त्याला होकार देण्यापूर्वी बिघाड नेमका कुठे आहे, हे कळलेच पाहिजे.

शौचाच्या वेळी मलाशयात दाब वाढावा लागतो आणि त्याच क्षणी गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल पडावे लागतात. प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायूचा पट्टा मलाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो. कुंथताना तो सैल पडण्याऐवजी आवळला गेला, तर कितीही जोर केला तरी वाट मोकळी होत नाही. ही स्नायूला जडलेली चुकीची सवय असते आणि ती टाके घालून सुधारत नाही. हा पट्टा कापण्याचे प्रयत्न पूर्वी झाले, परंतु मलावरचा ताबा जाण्याचा धोका असल्यामुळे ती वाट आता सहसा धरली जात नाही. हा स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनाचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो.

प्रथम थायरॉईड, रक्तातील साखर व कॅल्शियम तपासून घ्यावे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या, लोहाच्यासुद्धा, डॉक्टरांना दाखवाव्यात. शौचावाटे रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीच्या आसपास हा त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, आधी करावी. त्यानंतर मॅनोमेट्री, म्हणजे मलाशय व गुदद्वारातला दाब मोजण्याची चाचणी, आणि फुग्याची चाचणी येते. फुग्याच्या चाचणीत बारीक नळीला बांधलेला फुगा मलाशयात सरकवून त्यात सुमारे 50 मिलिलिटर कोमट पाणी भरतात, आणि रुग्णाने एकट्याने कमोडवर बसून तो बाहेर टाकायचा असतो. निरोगी माणसाला साधारण एक मिनिट पुरते. मलाशयाची रचना पाहण्यासाठी डिफेकोग्राफी, म्हणजे शौच होत असतानाचे एक्स-रे किंवा एमआरआय चित्रण, करतात. या सगळ्या चाचण्या जवळच्या रुग्णालयात होतीलच असे धरून चालू नये; मिरज, कोल्हापूर किंवा पुण्याला निघण्यापूर्वी फोन करून विचारावे.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. अनेक बायांना शौचासाठी योनीच्या मागच्या भिंतीवर किंवा गुदद्वाराशेजारी बोटाने दाब द्यावा लागतो, पण त्या हे नवऱ्यालाच काय, डॉक्टरांनाही सांगत नाहीत. बोलवत नसेल तर कागदावर लिहून द्यावे. मलाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगली असल्याची, म्हणजे रेक्टोसीलची, ती महत्त्वाची खूण असते.

स्नायूंची सवय बिघडली असेल, तर पहिला उपचार बायोफीडबॅक हाच, म्हणजे स्नायूंचा दाब पडद्यावर पाहत त्यांना योग्य सवय लावणे. पडद्यावर दोन रेषा दिसतात: मलाशयातला दाब वर जायला हवा, गुदद्वाराचा खाली. काही आठवड्यांच्या सरावाने दहापैकी सुमारे सात जणांना आराम पडतो. घरी कमोडवर बसताना पायाखाली पाट ठेवावा.

ऑपरेशनची वेळ येते ती रचनाच बिघडली असेल तेव्हा. रेक्टोसील मोठे असून त्यात मल अडकत असेल, तर योनीमार्गे भिंत शिवतात. मलाशय आत दुमडत असेल किंवा बाहेर येत असेल, तर दुर्बिणीतून जाळी बसवून ते वर बांधतात. ही जाळी क्वचित झिजून बाहेर येते किंवा तिथे जंतुसंसर्ग होतो, म्हणून अशी किती ऑपरेशने केली आहेत, हे सर्जनना जरूर विचारावे. आतड्याची चालच मंद असेल, तर मोठे आतडे काढण्याचा विचार अगदी शेवटी होतो, तोही स्नायूंचा दोष तपासून झाल्यावरच. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये.

ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे पाण्याची कळशी, चाऱ्याचा भारा किंवा धान्याचे पोते उचलू नये. कुंथावे लागू नये म्हणून मल मऊ ठेवणारे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावे, आणि ताप आला, लघवी अडली किंवा रक्तस्राव वाढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.