नागपूरची पावडर, परदेशातली लॅब: वर्षभराचा प्रोजेक्ट कसा बसवायचा

नागपुरातून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी परदेशी विद्यापीठात एक वर्ष मिळालं म्हणजे बारा महिने प्रयोग, असा हिशेब धरू नका. जर्मनीत हिवाळी सत्राची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. आधी सेफ्टी ट्रेनिंग, मग नाताळाची सुट्टी, आणि एखादा फिल्टर मागवला तर तो यायला काही आठवडे. मोजमापाला चार-पाच महिने मिळाले तरी पुष्कळ. म्हणून जे नागपुरात होऊ शकतं, ते इथेच उरकून जा.

पहिलं काम क्रेडिटचं. युरोपातलं एक ईसीटीएस क्रेडिट (तिथल्या विद्यापीठांचं अभ्यास मोजायचं एकक) म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. १५ क्रेडिटचा प्रोजेक्ट ३७५ ते ४५० तासांचा होतो. १५ आठवड्यांत बसवला तर आठवड्याला २५ ते ३० तास. त्याच्या जोडीला दोनपेक्षा जास्त थिअरी पेपर घेऊ नका. नागपुरात त्यातले किती क्रेडिट धरले जातील, हे निघण्याआधी लेखी घ्या. 'होऊन जाईल हो' या उत्तरावर मार्कशीट निघत नाही.

विषय निवडताना हातात असलेलं कौशल्य वापरा. नागपुरात फॉस्फर (ऊर्जा घेऊन प्रकाश देणारे पदार्थ) आणि थर्मोल्युमिनेसन्स (किरणांचा डोस साठवलेला पदार्थ तापवल्यावर निघणारा प्रकाश) यांवरचं काम जुनं आहे. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम हे मूलद्रव्य घातलेली पावडर इथल्या एम.एस्सी.च्या पोरांना नवीन नाही. 'मला नॅनोमटेरियलमध्ये रस आहे' अशा मेलला उत्तर येत नाही. 'माझ्याकडे ही पावडर आहे, हा ग्लो कर्व्ह आहे, तुमच्या क्रायोस्टॅटवर कमी तापमानाचं मापन करायचं आहे' असं चार ओळींत लिहा आणि एक आलेख जोडा. (ग्लो कर्व्ह म्हणजे पावडर तापवताना निघणाऱ्या प्रकाशाचा तापमानानुसार आलेख; क्रायोस्टॅट म्हणजे नमुना खूप थंड ठेवणारं उपकरण.)

पावडर नेताना डोकं लावा. बॅगेत बिनलेबलची पांढरी पुडी सापडली तर विमानतळावर समजावत बसावं लागेल. बंद कुपी, त्यावर रासायनिक नाव व वजन, सोबत सेफ्टी डेटा शीट आणि दोन्हीकडच्या गाईडचं पत्र ठेवा. तिथल्या लॅबला आधी विचारून घ्या. एका मापनाला ५ ते १० मिलिग्रॅम लागतात. २ ग्रॅम वर्षाला पुरतात, पण सगळी एकाच बॅचची हवी. दोन बॅचमधली तीव्रता जुळत नाही आणि मग फरक तापमानाचा की भट्टीचा, ते सांगता येत नाही. सामानाच्या एक्स-रेचा आणि उड्डाणातल्या वैश्विक किरणांचा थोडा डोस पावडर जमा करतेच. म्हणून पोहोचल्यावर ४०० अंश सेल्सिअसला एक तास ॲनील करा, म्हणजे तापवून जुना डोस पुसा, नंतरच मोजायचा किरणांचा डोस द्या आणि अंधारात ठेवा.

ग्लो कर्व्हचं मुख्य शिखर २२० अंश सेल्सिअसच्या आसपास दिसायला हवं. ते वर सरकलं तर नवा शोध लागला म्हणून नाचू नका. हीटिंग रेट वाढला की शिखर सरकतंच. शिवाय जाड थर असेल तर पावडर हीटरच्या मागे राहते. सेकंदाला १ अंश या वेगाने, पातळ थर पसरून पुन्हा घ्या.

फोटोल्युमिनेसन्समध्ये, म्हणजे प्रकाश टाकून पदार्थातून निघणारा प्रकाश मोजताना, सगळ्यात जास्त फसवतो तो ग्रेटिंगचा (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या जाळीचा) दुसरा ऑर्डर: एखाद्या प्रकाशाची दुप्पट तरंगलांबीवर उमटणारी नक्कल. ३५० नॅनोमीटरने उत्तेजित केलं की ७०० वर खोटं शिखर उभं राहतं. डिस्प्रोशियमच्या खऱ्या रेषा ४८० आणि ५७५ च्या जवळ असतात. डिटेक्टरपुढे ४०० नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर (त्याहून लांब तरंगलांबीच पुढे सोडणारा) लावा. ७०० चं शिखर गेलं तर ते उत्तेजनाचंच होतं.

क्रायोस्टॅट थंड करायचा द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो आणि वायू होताना जवळपास ७०० पट फुगतो. बंद खोलीत, ऑक्सिजन अलार्मशिवाय, एकट्याने ओतायचा नाही. लिफ्टमधून नेताना डबा आत, माणूस बाहेर.

वहीत रोजची तारीख, स्लिटची (प्रकाश आत येतो त्या फटीची) रुंदी, डिटेक्टरचं व्होल्टेज आणि फाईलचं नाव लिहा. परत येताना फक्त आलेख आणू नका. मूळ टेक्स्ट फाईली आणि कॅलिब्रेशनच्या फाईली घ्या, आणि त्या नागपुरात वापरायची परवानगी गाईडकडून मेलवर मागा. तिथलं विद्यापीठाचं अकाउंट बंद होण्याच्या आत हे सगळं व्हायला हवं.