हॅस्केलमधली न वापरलेली डिक्शनरी कशी शोधावी, कशी काढावी

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे त्याचे टाइप सांगणाऱ्या ओळीत, ‘शो ए’ (‘ए’ या टाइपची व्हॅल्यू मजकुरात बदलता आली पाहिजे) अशी अट लिहिली, की जीएचसी हा कंपायलर त्या फंक्शनला गुपचूप एक जादा अर्ग्युमेंट जोडतो. त्याला डिक्शनरी म्हणतात. त्या टाइपसाठी ‘शो’ या क्लासच्या मेथड, म्हणजे त्याने नेमून दिलेली फंक्शने, कुठे आहेत, याचा तो पुरावा असतो. फिलिप वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी 1989 साली मांडलेली ही रीत आजही तशीच चालते. प्रश्न येतो तो फंक्शन ‘शो’ वापरतच नसेल तेव्हा. अर्जाला दाखला जोडलेला असतो, पण खिडकीपलीकडे तो कुणी उघडत नाही.

इंटसारख्या साध्या टाइपची डिक्शनरी प्रोग्राममध्ये एकदाच तयार असते आणि तिचा फक्त पत्ता पुढे जातो, त्यामुळे खर्च नगण्य. यादीची डिक्शनरी मात्र घटकाच्या डिक्शनरीवरून चालू प्रोग्राममध्ये बनवावी लागते, आणि तिथे मेमरी जाते. पुढचे उदाहरण त्यासाठीच निवडले आहे. इथे ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहे, फाइलमध्ये नेहमीसारखे रोमन लिपीत लिहा.

डेटा नेस्टेड ए = फ्लॅट ए | नेस्ट (नेस्टेड [ए])

खोली :: शो ए => नेस्टेड ए -> इंट
खोली (फ्लॅट _) = 0
खोली (नेस्ट न) = 1 + खोली न

काहीही छापले जात नाही, फक्त पातळ्या मोजल्या जातात. पण दर पायरीला टाइप बदलतो: आधी ‘ए’, मग ‘ए’ची यादी, मग यादीची यादी. म्हणून दर पायरीला ‘शो’ची नवी डिक्शनरी लागते आणि ती आधीच्या डिक्शनरीला धरून असते. हजार पातळ्या असतील तर हजार कड्यांची साखळी, आणि तिच्याकडे कुणी बघणारही नाही.

सुरुवात वॉर्निंगपासून करा. ‘डब्ल्यू-रिडंडंट-कन्स्ट्रेंट्स’ हा फ्लॅग लावून कंपाइल करा. तो ‘वॉल’ या नेहमीच्या वॉर्निंगच्या गटात येत नाही, वेगळा लिहावा लागतो. ‘ईक्यू ए, ऑर्ड ए’ (समान आहे का ते बघता येणे, लहान-मोठे ठरवता येणे) अशा दोन अटी एकत्र दिसल्या तर तो ‘ईक्यू’ अनावश्यक असल्याचे सांगेल, कारण ‘ऑर्ड’च्या डिक्शनरीत ‘ईक्यू’ची डिक्शनरी आतच असते. साध्या फंक्शनमधली विसरून राहिलेली अटही तो पकडतो.

पण ‘खोली’बद्दल तो गप्प बसेल. ही वॉर्निंग टाइप तपासणाऱ्या भागाकडून येते. त्याच्या लेखी आतल्या ‘खोली’ कॉलला ‘शो’ हवा आहे आणि तो सिग्नेचरमधल्या अटीवरूनच मिळाला, म्हणजे अट कामी आली. फंक्शन तो पुरावा फक्त स्वतःलाच परत देत राहते, हे त्याला दिसत नाही. स्वतःला कॉल करणाऱ्या फंक्शनमध्ये वॉर्निंग आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

आता ऑप्टिमायझर, म्हणजे कोड सुधारून वेगवान करणारा कंपायलरचा भाग, काय करतो ते बघा. तोच प्रोग्राम ऑप्टिमायझर चालू करणारा ‘हायफन ओ’ देऊन कंपाइल करा आणि सोबत ‘डी-डंप-सिम्पल’ व ‘डी-सप्रेस-ऑल’ द्या. कोअर ही कंपायलरची आतली भाषा पडद्यावर येईल. पहिल्यांदा बघताना ती अंगावर येते, पण इथे दोनच गोष्टी शोधायच्या आहेत. ‘डॉलर-डी-शो’ने सुरू होणारे नाव म्हणजे डिक्शनरी. ‘डॉलर-डब्ल्यू-खोली’ हा ‘खोली’चा वर्कर, खरे काम करणारा भाग. वर्करच्या लॅम्डानंतरची, म्हणजे ‘\’ या चिन्हानंतरची, अर्ग्युमेंट मोजा. तिथे डिक्शनरी नसेल, आणि आतल्या कॉलमध्येही यादीची डिक्शनरी बनताना दिसणार नाही. मग ऑप्टिमायझर बंद ठेवणारा ‘हायफन ओ-झिरो’ देऊन तोच डंप काढा. आता वर्करच नाही आणि डिक्शनरीची साखळी जशीच्या तशी आहे. हे दोन डंप शेजारी ठेवून एकदा तरी वाचाच.

हे जमते कसे? कोणती व्हॅल्यू खरेच वापरली जाते हे तपासणारी ऑप्टिमायझरची पायरी, डिमांड अ‍ॅनालिसिस, सुरुवातीला धरून चालते की डिक्शनरी कुठेच वापरली जात नाही, आणि मग कोड वाचून ते गृहीतक मोडते का हे तपासते. ‘खोली’त डिक्शनरीचा एकमेव वापर म्हणजे ‘खोली’लाच देणे, म्हणून गृहीतक टिकते. मग फंक्शनचे दोन तुकडे होतात: डिक्शनरी न घेणारा वर्कर, आणि जुन्याच सिग्नेचरचा छोटा रॅपर. रॅपर कॉलच्या जागी उलगडला, की तिथली डिक्शनरीही निरुपयोगी ठरून उडते. मात्र कॉल दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असेल तर ते मॉड्यूलही ‘हायफन ओ’ने कंपाइल झालेले हवे.

काही ठिकाणी ऑप्टिमायझरचे हात बांधलेले असतात. डेटा कन्स्ट्रक्टरमध्येच ‘शो ए’ची अट असेल तर डिक्शनरी त्या व्हॅल्यूचे एक फील्ड बनून मेमरीत बसते, कुणी वाचो वा न वाचो. क्लासच्या मेथडचेही तसेच. ‘फोल्डेबल’ या कंटेनरांच्या क्लासमधल्या ‘एलेम’ला (घटक आत आहे का ते सांगणारी मेथड) ‘ईक्यू’ लागतो. आत एकही घटक नसलेल्या ‘प्रॉक्सी’ या टाइपसाठी लिहिलेल्या मेथडमध्ये (इन्स्टन्समध्ये) उत्तर कायम ‘फॉल्स’ असल्याने त्याचा उपयोग शून्य. तरी कंटेनर कोणता हे कॉलच्या जागी माहीत नसेल तर ‘ईक्यू’ द्यावाच लागतो. ‘कुठल्याही ए साठी, शो ए असेल तर’ अशा टाइपचे फंक्शन अर्ग्युमेंट म्हणून आले, तरी हीच गत.

म्हणून अट हातानेच काढा. ‘खोली’च्या सिग्नेचरमधून ‘शो ए’ पुसा. प्रोग्राम कंपाइल होतो आणि ओ-झिरोलाही साखळी बनत नाही. तुमच्या लायब्ररीचे बाहेरचे सिग्नेचर असेल तर क्षणभर थांबा. उद्या आतली रचना बदलून ‘ऑर्ड’ लागेल म्हणून अट मुद्दाम ठेवली असेल, तर ती राहू द्या आणि कारण कॉमेंटमध्ये लिहा. तसे काही नसेल तर काढून टाका आणि पूर्ण प्रोजेक्ट पुन्हा कंपाइल करा. ‘खोली’ला कॉल करणाऱ्या ज्या फंक्शनांनी केवळ तिच्यासाठी ‘शो ए’ वागवला होता, त्यांच्यावर आता वॉर्निंग येऊ लागतील. त्या एकेक करत वरपर्यंत पुसत जा.