मॅटप्लॉटलिबमध्ये शेजारचे आलेख एकमेकांत घुसतात तेव्हा

डावीकडे सोलापूरचं रोजचं कमाल तापमान, उजवीकडे उजनीचा पाणीसाठा दलघमीत (दशलक्ष घनमीटरमध्ये). प्रोजेक्टसाठी मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत, असे दोन आलेख शेजारी काढले की उजनीच्या अक्षाचं उभं लेबल हमखास तापमानाच्या आलेखात घुसतं. मग आकडे अंदाजाने बदलत बसण्यापेक्षा कुठला आकडा कशाचा हिस्सा आहे, हे आधी समजून घ्या.

सबप्लॉट्स_अ‍ॅडजस्ट या आलेखांची जागा ठरवणाऱ्या फंक्शनमधले लेफ्ट, राइट, बॉटम, टॉप हे अख्ख्या फिगरचे, म्हणजे सगळे आलेख बसतात त्या पूर्ण चित्राचे अंश. मूळ किमती अनुक्रमे 0.125, 0.9, 0.11 आणि 0.88. राइट म्हणजे उजवा समास नव्हे; तेही अंतर डाव्या कडेपासूनच मोजतात. समास समजून 0.1 लिहिलंत तर राइट लेफ्टच्याही आत जातं आणि एरर येतो. डब्ल्यूस्पेसचं, म्हणजे दोन आलेखांमधल्या आडव्या फटीचं माप वेगळं: ते एका आलेखाच्या सरासरी रुंदीचा अंश असतं.

आता हिशेब करून बघा. फिगर 6.4 इंच रुंद, त्यातले 0.9 वजा 0.125, म्हणजे 0.775 अंश, अर्थात 4.96 इंच आलेखांच्या आणि मधल्या फटीच्या वाट्याला. डब्ल्यूस्पेस 0.2 असताना एक आलेख 4.96 भागिले 2.2 (दोन आलेख आणि 0.2 ची फट), म्हणजे सुमारे 2.25 इंच, मधली फट 0.45 इंच. '1500'सारखे चार अंकी आकडे, खुणा आणि उभं लेबल यांना 10 पॉइंटच्या अक्षरात जवळपास 0.7 इंच लागतात. मावणार कसं? डब्ल्यूस्पेस 0.4 केलं की फट 0.83 इंच होते. आलेख अरुंद वाटले तर फिगसाइज, म्हणजे फिगरचं माप वाढवा. अक्षरं पॉइंटात असल्याने तेवढीच राहतात.

नव्या कामात मात्र आलेख मांडणाऱ्या सबप्लॉट्स फंक्शनला लेआउट 'कन्स्ट्रेन्ड' द्यावं, हेच बरं. लेबलांची जागा ते स्वतः मोजतं. त्यानंतर सबप्लॉट्स_अ‍ॅडजस्ट लिहिलंत तर फक्त वॉर्निंग येते, आलेख जागचा हलत नाही. दोन्हींपैकी एकच ठेवा.

एकच आलेख सरकवायचा असेल तर सेट_पोझिशन वापरा. त्यातला तिसरा आकडा रुंदी आहे, उजवी कड नाही; गफलत नेमकी इथे होते.

लेबलं मराठीत हवी असतील तर आधी देवनागरी फॉन्ट लावा, कारण मूळच्या डेजावू सान्समध्ये देवनागरी नाही, नुसते चौकोन उमटतात. फॉन्ट बदलला की लेबलांची मापंही बदलतात, म्हणून फटीचा हिशेब त्यानंतरच करा.