कड्यावर अडकलेल्या साथीदाराला वर घेताना: तीनास एक ओढणी

लळिंग असो, भामेर असो की तोरणमाळचे कडे, खानदेशातला कातळ बेसाल्टचा. पक्क्या थराखाली मध्येच मुरमाड, ठिसूळ थर लागतो. म्हणून अँकर (दोराचा सगळा भार झेलणारा कातळातला आधार) लावण्याआधी कातळ हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर जागा बदला. अँकर निदान दोन हवेत, आणि त्यांना जोडणाऱ्या स्लिंगच्या (पट्टीच्या फासाच्या) दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत. १२० अंशांवर प्रत्येक अँकरला पूर्ण वजन झेलावं लागतं, मग दोन लावून काय उपयोग?

समजा, तुम्ही वरून मुंटर हिचवर (कॅराबिनर म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवर घातलेला, घर्षणाने दोर रोखणारा वेढा) बिले देताय, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळताय, आणि खालच्याचा हात मोडलाय. खाली सोडता येत असेल तर सोडाच, ते कधीही सोपं. नसेल तरच ओढणी, म्हणजे दोराने वर ओढून घेणं.

आधी मुंटर लॉक करा: म्यूल नॉट (भार असतानाही सोडवता येणारी गाठ), वर ओव्हरहँड (साधी गाठ). मग ब्रेकच्या बाजूच्या, म्हणजे तुमच्या हातातल्या दोराला आठाची गाठ घालून ती अँकरवरच्या वेगळ्या कॅराबिनरमध्ये अडकवा. घाईत हीच गाठ राहून जाते, आणि पुढे काही निसटलं तर माणूस हिच्यावरच थांबणार असतो.

आता वजन आलेल्या दोरावर ६ मिमी नायलॉन कॉर्डचा प्रुसिक (भार आला की दोराला घट्ट पकडणारी वेढ्यांची गाठ) घाला, तीन वेढ्यांचा, आणि तो अँकरला जोडा. वेढे एकमेकांवर चढले तर पकड सुटते, म्हणून बोटांनी सारखे करा. इथे डायनिमा या दुसऱ्या कृत्रिम धाग्याची स्लिंग नको. ती गुळगुळीत असते आणि नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळते. म्यूल उघडून मुंटरमधून दोर हळूहळू सोडत वजन प्रुसिकवर येऊ द्या. त्याने धरल्याची खात्री झाली की मगच मुंटर काढा आणि दोर त्याच कॅराबिनरमधून सरळ घ्या.

दुसरा प्रुसिक भार असलेल्या दोरावरच, हात पोचेल तितका खाली. त्यात कॅराबिनर लावा, अँकरकडून आलेला दोर त्यातून घ्या आणि अँकरच्या दिशेने ओढा. पहिल्या काही ओढींत माणूस हलणार नाही, चढाईचा दोर ताणला जात असतो. पुढे ३ मीटर ओढलं की तो १ मीटर वर येतो. खालचा प्रुसिक अँकरपाशी आला की वजन पहिल्यावर टेकवा, खालचा पुन्हा पुढे सरकवा. पहिला प्रुसिक कॅराबिनरमध्ये ओढला जाऊन अडकतो, त्यावर एकाने लक्ष ठेवावं.

गणिताने ७० किलोंना २३ किलोंचा जोर पुरतो. पण कॅराबिनरच्या घर्षणामुळे ३५ च्या आसपास लागतो, काठाचं घर्षण वेगळंच. पुली एकच असेल तर ती खालच्या प्रुसिकवर लावा: ओढणाऱ्या हातांनंतर दोर आधी तिथेच वळतो, तिथली बचत पुढेही मिळते. काठावर गोणपाट दुमडून टाका. सिमेंटची प्लॅस्टिकची गोणी घासून वितळते.

हार्नेसमध्ये (कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत) निपचित लटकलेल्या माणसाची प्रकृती काही मिनिटांतच बिघडू शकते. शुद्धीत असेल तर त्याला स्वतःच्या दोरावर प्रुसिक आणि १२० सेंमीची स्लिंग लावून, तीत पाय घालून अधूनमधून उभं राहायला सांगा. तोवर कुणीतरी १०८ ला फोन लावा.

सराव एप्रिल-मेमध्ये उन्हं चढायच्या आत संपवा, काळ्या कातळावर हात ठेववत नाही. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर ती भिंतच सोडा. दोर शेतावरच्या खोलीत ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ ठेवू नका. आम्लाने नायलॉन निकामी होतं आणि वरून काही दिसतही नाही. संशय आला की दोराचे तुकडे करून टाका, म्हणजे चुकून पुन्हा कोणी त्यावर लटकणार नाही.