जुन्या नऊवारीची गोधडी

आजीची सुती नऊवारी घ्या. साधारण आठ मीटरची असते. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर होतात. एवढी गोधडी लहान पोराला पुरते. थरांत सिंथेटिक कापड घालू नका. मी एकदा घातलं, तर ते आतल्या आत सरकून त्याचा गोळा झाला.

साडी आधी धुऊन खळ काढा, नाहीतर सुई शिरता शिरत नाही. मग फरशीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा. आमच्याकडे डाळीचे डबे असतात. आता मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि मोठे कच्चे टाके घाला. इथे घाई केलीत तर शेवटी मधोमध फुगा येतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही.

नंतर कडा आत दुमडून काठाकडून धावदोरा सुरू करा. चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायचं. ओळींत बोटभर अंतर, गाठ थरांच्या आत लपवायची. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. टाके वाकडे आले तर येऊ द्या, माझे अजून येतात. शेवटी कच्चे टाके उसवा.