बॅकअप ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करायचा ऑप्शन परत हवाय? मग मशीन धड आहे तोवरच ही तयारी करून ठेवा

आतली डिस्क गेली तरी बाहेरचा बॅकअप ड्राइव्ह जोडायचा, त्याच्यावरून मशीन चालू करायचं आणि काम पुढे सुरू, ही सोय पूर्वी होती आणि आता नाही असं बऱ्याच जणांचं होतं. कधी मोठं अपडेट येऊन जातं, कधी बायॉसची, म्हणजे मशीन चालू होताच आधी जागं होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची, सेटिंग रिसेट होते, कधी मशीनच नवीन असतं. ड्राइव्ह तोच, फाइल्सही जशाच्या तशा, पण चालू करताना येणाऱ्या मेन्यूमध्ये त्याचं नावच नाही. बहुतेक वेळा हा ऑप्शन परत आणता येतो, फक्त त्यासाठी लागणाऱ्या कितीतरी गोष्टी, म्हणजे रिकव्हरी की, अ‍ॅडमिनचा पासवर्ड, सिक्युरिटीची परवानगी, या चालू असलेल्या मशीनवरूनच मिळतात. डिस्क मेल्यावर त्या शोधायला गेलात तर हातात काहीच येत नाही, म्हणून हे सगळं आजच.

सगळ्यात आधी तुमचा बॅकअप नक्की कुठल्या प्रकारचा आहे ते बघा, कारण बॅकअप आहे म्हणजे त्यावरून मशीन चालू होईलच असं अजिबात नाही. नुसते फोल्डर कॉपी केलेले असतील किंवा विंडोजची फाइल हिस्टरी असेल तर तो फक्त डेटा. मॅकवरचं टाइम मशीनही फाइल्स परत मिळवण्यासाठी आहे, तुमची सिस्टिम त्यावरून सुरू होत नाही. इमेज बॅकअप म्हणजे अख्खी डिस्क एका मोठ्या फाइलमध्ये भरलेली, ती आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवावी लागते, तशीच्या तशी ती चालू होत नाही. चालू होतो तो क्लोन, ज्यात मूळ डिस्कवरची सगळी पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, जशीच्या तशी आलेली असतात. विंडोजवर डिस्क मॅनेजमेंट उघडून बॅकअप ड्राइव्हची पट्टी नीट बघा, मोठ्या पार्टिशनच्या आधी एक छोटंसं, साधारण १०० ते ५०० एमबीचं ईएफआय सिस्टिम पार्टिशन दिसायला हवं. पट्टीवर एकच मोठा तुकडा दिसत असेल तर मेन्यूत नाव का येत नाही याचं उत्तर तिथेच मिळालं, चालू करायला लागणाऱ्या फाइल्स त्या ड्राइव्हवर कधी आल्याच नाहीत.

पुढचं काही करायच्या आधी डेटाची आणखी एक कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर काढा, हे मी अगदी हट्टाने सांगेन. ड्राइव्ह चालू होण्यालायक करायचा तर बऱ्याचदा तो फॉरमॅट करून पार्टिशन नव्याने पाडावी लागतात, आणि तुमचा एकुलता एक बॅकअप त्याच ड्राइव्हवर असेल तर त्या अर्ध्या-एक तासात तुमच्याकडे बॅकअप शून्य. चुकून आतलीच डिस्क सिलेक्ट झाली तर काय, याचा विचार करा, त्या स्क्रीनवर दोन्ही डिस्कची नावं सारखीच दिसतात, साइझही बरेचदा सारखी असते.

आता चाव्या. विंडोज असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का ते तपासा, तुम्ही स्वतः कधी चालू केलं नसलं तरी तपासा, कारण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. त्याची रिकव्हरी की ४८ आकडी असते. बूटची, म्हणजे मशीन कुठून चालू व्हायचं याची, किंवा सिक्युअर बूटची, म्हणजे फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू होऊ देणाऱ्या सोयीची, सेटिंग बदलली की पुढच्या वेळी मशीन निळा स्क्रीन दाखवून तीच की मागू शकतं, त्या स्क्रीनवर की आयडी पण दिसतो आणि अकाउंटवर सेव्ह असलेल्या कीपैकी नेमकी कुठली टाकायची ते त्यावरून जुळवायचं असतं. म्हणून की आणि की आयडी दोन्ही कागदावर लिहा, नीट गट पाडून लिहा, परत एकदा आकडा आकडा ताडून बघा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. की त्याच एन्क्रिप्टेड डिस्कवर सेव्ह करून ठेवण्यात काही अर्थ नाही हे सांगायला नको. आणि बायॉसमध्ये हात घालायच्या आधी कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे बंद नव्हे, तात्पुरतं थांबवायचं, काम झालं की रिझ्यूम. मॅकवर फाइलव्हॉल्टची, म्हणजे मॅकच्या एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की आणि अ‍ॅडमिन युजरचा पासवर्ड, आणि कुणी कधी फर्मवेअर पासवर्ड किंवा बायॉस पासवर्ड टाकला असेल तर तोही.

मग ऑप्शन का गेला, हे शोधायचं. २०११-१२ नंतरच्या बहुतेक पीसीमध्ये यूईएफआय, म्हणजे बायॉसची नवी पद्धत, असतं आणि त्यात कुठून चालू व्हायचं याची यादी ड्राइव्हवर नाही तर मदरबोर्डवरच्या मेमरीत साठवलेली असते. बायॉस अपडेट केलं किंवा सेटिंग डिफॉल्टला गेली की तुम्ही टाकलेली नोंद उडू शकते. मशीन जुनं असेल आणि तारीख-वेळही सारखी चुकत असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बघा, ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो, डेस्कटॉपमध्ये तो बदलणं अगदी सोपं, आणि तो उतरला की बायॉसमधली सेटिंग टिकत नाही.

यादीत नोंद नसली तरी बाहेरचा ड्राइव्ह दिसू शकतो, कारण फर्मवेअर, म्हणजे तेच बायॉस किंवा यूईएफआय, अशा ड्राइव्हच्या ईएफआय पार्टिशनमध्ये एका ठरलेल्या जागी बघतं, ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल. ती फाइल असेल तर ड्राइव्ह मेन्यूत येतो, नसेल तर नाही. बऱ्याच लिनक्स सिस्टिम आपली बूट फाइल फक्त स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात, त्यामुळे तोच ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला की ओळखलाच जात नाही, तिथे ग्रब, म्हणजे लिनक्स चालू करून देणारा प्रोग्रॅम, परत इन्स्टॉल करताना रिमूव्हेबलचा पर्याय देऊन करायचं. विंडोजच्या बाबतीत बीसीडीबूट नावाची कमांड हे काम करते, ती त्या छोट्या पार्टिशनमध्ये बूट फाइल्स नव्याने लिहून देते.

ड्राइव्ह जुन्या एमबीआर पद्धतीने पार्टिशन केलेला असेल तर तो जुन्या लेगसी मोडमध्ये चालायचा, आणि नव्या मशीनमध्ये तो मोड बंद असतो किंवा मुळात नसतोच. तो मोड शोधून चालू करण्यापेक्षा ड्राइव्ह जीपीटी या नव्या पद्धतीचा करून घ्या असं माझं मत, कारण एमबीआरला २ टीबीच्या पुढची जागाही वापरता येत नाही आणि विंडोज ११ ला तसंही यूईएफआयच लागतं. बूट मेन्यूत एकच ड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नुसतं नाव आणि एकदा आधी यूईएफआय लिहिलेलं, तर यूईएफआयवालाच निवडायचा, दुसरा निवडून काळा स्क्रीन आला की लोकांना वाटतं ड्राइव्हच खराब आहे.

त्याच बायॉसमध्ये असताना दोन सेटिंग बघून घ्या. फास्ट बूट चालू असेल तर काही मशीन्स यूएसबी नीट तपासतच नाहीत, ते बंद करा. आणि यूएसबीवरून बूट करायची परवानगी वेगळी असते, ऑफिसच्या लॅपटॉपवर ती बहुधा बंद केलेली असते, तिथे आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय काही करू नका. मेन्यू उघडायची की प्रत्येक कंपनीची वेगळी, डेलला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, एसरला एफ१२ पण त्याआधी एफ२ ने सेटअपमध्ये जाऊन तो मेन्यू चालू करावा लागतो. की दाबायचा टाइमिंग जमत नसेल तर विंडोजमधून शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर युज अ डिव्हाइस असतं, तिथून ड्राइव्ह निवडता येतो.

विंडोजवाल्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नेहमीच्या विंडोजचा क्लोन यूएसबीवरून चालू होईलच याची खात्री धरू नका. त्यासाठी खास विंडोज टू गो नावाची सोय विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये आली होती, ती २०२० मध्ये विंडोज १० च्या २००४ या व्हर्जनपासून काढून टाकली. त्यामुळे क्लोन परफेक्ट असूनही यूएसबीवरून इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइसचा एरर येऊ शकतो आणि तीच डिस्क मशीनच्या आत बसवली की व्यवस्थित चालते. म्हणून क्लोन अशा डिस्कवर घ्या जी तुमच्या मशीनच्या आत बसेल, म्हणजे डिस्क जोडायला आत एनव्हीएमई पद्धतीचा स्लॉट आहे की साटा पद्धतीचा ते आधी बघा, योग्य स्क्रूड्रायव्हर आणून ठेवा, आणि सोबत एक रिकव्हरी पेन ड्राइव्ह बनवून ठेवा. तो पेन ड्राइव्ह मशीन चालू करतो, क्लोन किंवा इमेज डेटा देते, दोन्ही मिळून काम भागतं.

मॅकमध्ये तुमचं मॉडेल कुठलं यावर सगळं अवलंबून. जुन्या इंटेल मॅकवर ऑप्शन की दाबून धरली की ड्राइव्हची यादी येते, ड्राइव्ह जीयूआयडी पार्टिशन मॅपचा, म्हणजे तेच जीपीटी, हवा, बस. अ‍ॅपलची टी२ ही सिक्युरिटी चिप असलेल्या मॅकवर, म्हणजे २०१७ चा आयमॅक प्रो आणि २०१८ ते २०२० मधली बरीच मॉडेल्स, बाहेरच्या ड्राइव्हवरून चालू व्हायची परवानगी मुळातच बंद असते. कमांड आणि आर दाबून रिकव्हरीत जायचं, वरच्या युटिलिटीज मेन्यूतून स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी उघडायची, अ‍ॅडमिन पासवर्ड टाकायचा आणि एक्स्टर्नल मीडियाला परवानगी द्यायची. तो पासवर्ड आतल्या डिस्कवरच्या युजरशी ताडला जातो, डिस्क गेल्यावर ताडायला युजरच सापडत नाही आणि परवानगीही देता येत नाही. टी२ वाला मॅक असेल तर बाकी सगळं राहू द्या, हे आधी करा.

२०२० च्या बिग सर या मॅकओएस व्हर्जनपासून मॅकची सिस्टिम सीलबंद वेगळ्या व्हॉल्यूमवर असते, त्यामुळे जुन्या पद्धतीने फाइल्स कॉपी करून चालू होणारा क्लोन बनत नाही. सरळ मार्ग म्हणजे बाहेरच्या एसएसडीवर मॅकओएस नव्याने इन्स्टॉल करायचं आणि मग मायग्रेशन असिस्टंटने आपला डेटा त्यात आणायचा. अ‍ॅपल सिलिकॉनवर, म्हणजे एम१ आणि पुढच्या चिपच्या सगळ्या मॅकवर, पॉवर बटण दाबून धरायचं, स्टार्टअप ऑप्शन्स लोड होताहेत असं दिसेपर्यंत सोडायचं नाही. तिथे एक मोठी मर्यादा आहे, या मॅकना बाहेरून चालू व्हायलाही आतलं स्टोरेज जिवंत लागतं, कारण परवानगीची माहिती तिथेच असते. आतलं स्टोरेजच गेलं तर बाहेरचा ड्राइव्ह कितीही उत्तम असला तरी तो मॅक चालू होणार नाही. सिस्टिम बिघडली असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे, पण एवढ्या खटाटोपापेक्षा चांगला डेटा बॅकअप आणि वेळ पडली तर वापरता येईल असं दुसरं मशीन, यावर मी जास्त विसंबेन. इन्स्टॉल करायचंच असेल तर डीएफयू पोर्ट, म्हणजे दुसऱ्या मॅकला जोडून दुरुस्ती करायचा पोर्ट, सोडून दुसऱ्या पोर्टला ड्राइव्ह लावा, कुठला पोर्ट डीएफयू ते मॉडेलनुसार बदलतं.

ड्राइव्ह शक्यतो एसएसडी घ्या, फिरत्या डिस्कवर आजची सिस्टिम इतकी रेंगाळते की काम होत नाही. हब आणि डॉक मधे नको, थेट मशीनला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला.

आता टेस्ट, आणि ही खरीखुरी हवी, मेन्यूत नाव दिसलं म्हणून थांबायचं नाही. क्लोन केल्यावर दोन्ही डिस्कची ओळख सारखीच असते. विंडोज अशा वेळी दोनपैकी एक डिस्क ऑफलाइन टाकतं. लिनक्समध्ये पार्टिशन यूयूआयडीने, म्हणजे प्रत्येकाच्या ओळख क्रमांकाने, शोधली जातात, दोघांचा यूयूआयडी एकच असल्यामुळे मेन्यूत बाहेरचा ड्राइव्ह निवडूनही प्रत्यक्षात आतलीच डिस्क माउंट होऊ शकते, तुम्हाला वाटतं बॅकअपवर आहोत आणि लिहिलं जातंय मूळ डिस्कवर. म्हणून डेस्कटॉप असेल तर पहिल्या टेस्टला मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, आतल्या डिस्कची केबल काढून ठेवा. ते शक्य नसेल तर चालू झाल्यावर आपण कुठे आहोत ते तपासा, लिनक्सवर एलएसबीएलके कमांडमध्ये रूट, म्हणजे मुख्य सिस्टिम, कुठल्या डिस्कवर आहे ते बघा, विंडोजवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये बूट असं कुठल्या डिस्कच्या पार्टिशनवर लिहिलंय ते बघा, मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बूट व्हॉल्यूमचं नाव बघा आणि त्यासाठी बॅकअप व्हॉल्यूमला वेगळं नाव द्या. टेस्ट करताना इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर बॅकअपवरचं क्लाउड सिंक जागं होऊन जुन्या फाइल्स आणि नव्या फाइल्स यांचा गोंधळ घालू शकतं. दोन-चार डॉक्युमेंट उघडा, रोज लागणारं सॉफ्टवेअर उघडून त्याचं लायसन्स चालतंय का बघा, मग बंद करा.

नंतर ड्राइव्ह काढून मूळ डिस्कवरून मशीन नीट चालू होतंय ना ते बघा, बूट ऑर्डरमध्ये आतली डिस्क परत वर आणा आणि बिटलॉकर रिझ्यूम करा, हे विसरलं जातं. बाहेरून चालू व्हायची परवानगी उघडी ठेवलीत म्हणजे लॅपटॉप ज्याच्या हातात पडेल त्यालाही ती मिळाली, तेव्हा आतली डिस्क आणि बॅकअप दोन्ही एन्क्रिप्टेड असू द्या आणि पीसी असेल तर बायॉसला पासवर्ड लावा. ड्राइव्ह कायम जोडून ठेवू नका, फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तर जोडलेला ड्राइव्हही त्याच्या तावडीत सापडतो. रिकव्हरी कीच्या कागदावरच मेन्यूची की, कुठला पोर्ट, टेस्ट केल्याची तारीख आणि तेव्हाचं सिस्टिमचं व्हर्जन लिहा, आणि बायॉस अपडेट किंवा सिस्टिमचं मोठं व्हर्जन आलं की त्याच कागदावरून टेस्ट परत करून तारीख बदला.